‘नाही रे बाबा’ म्हणालास, तिथं विकेट गेली

पत्र (थोडं छाटून) :

ताई,
मी २६ वर्षांचा आहे. राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. कॉलेजात असताना आम्ही ८ जणांनी क्रिकेटचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आता त्यात ३०० च्या वर लोक आहेत, निम्म्यांना मी कधी भेटलेलोही नाही. मी अ‍ॅडमिन. मॅच चालू असताना तिथं धमाल असते. शिव्याही असतात. कोणी स्वस्तात आउट झाला की ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’, ‘छक्का’. दोन खेळाडूंनी मिठी मारली की एकाच्या गळ्यात मंगळसूत्र चिकटवलेले फोटो. मीही हसायचो, खोटं कशाला सांगू.

ग्रुपमधला माझा सगळ्यात जुना मित्र दीड महिन्यापूर्वी काही न बोलता निघून गेला. खेळपट्टी कशी आहे, कोण कोणाला किती वेळा आउट झालाय, हे सगळं मॅचच्या आधी तोच टाकायचा. मी फारच खोदून विचारलं तेव्हा त्यानं फक्त मला सांगितलं, की तो गे आहे आणि रोज रात्री ते शब्द वाचून झोप लागत नाही. ‘तुम्ही मला म्हणत नाही हे कळतं रे, पण लागतं मलाच,’ असं म्हणाला.

मी ग्रुपवर लिहिलं, की असले शब्द नकोत. लगेच एकानं विचारलं, ‘का रे, तू पण त्यातला का?’ खाली हसण्याचे इमोजी. मी लिहिलं, ‘नाही रे बाबा, पण कोणाला तरी वाईट वाटू शकतं.’ मग ग्रुपमधले एक काका म्हणाले (साठीचे आहेत, आम्ही सगळे मानतो त्यांना), की मैदानावरचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. विषय संपला. आता दुसरा अ‍ॅडमिन म्हणतोय, नाव न घेता सांगून टाक, की आपल्यातलाच एक जण यामुळे गेला; लोकांना लाज तरी वाटेल. सांगू का? शब्दांवर बंदी घालून काही होतं का? की मीच जास्त मनावर घेतोय?
– एक अ‍ॅडमिन

अरे मित्रा,

ज्याची घाई आहे ते आधी. सांगू नकोस. नाव घेऊन नको आणि नाव न घेताही नको. ग्रुप सोडून गेलेल्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ६० दिवस दाखवतं, ग्रुपमधल्या कोणालाही. तुझ्या मित्राला जाऊन दीड महिना झालाय. ‘आपल्यातला एक जण’ एवढं तू लिहायचा अवकाश, कोणीतरी ती यादी उघडणार आणि रात्रीपर्यंत ते त्याच्या ऑफिसात नाहीतर सोसायटीत पोचणार. त्याच्या घरी माहीत आहे का? तुला तरी हे ठाऊक आहे का? लोकांना लाज वाटेल, असं तुमच्या दुसऱ्या अ‍ॅडमिनला वाटतंय. माझा अनुभव असा, की लोकांना लाजेच्या कितीतरी आधी उत्सुकता वाटते. मित्रानं तुझ्याकडे ठेव ठेवलीय. ती मोडायची का, कधी मोडायची, हे त्याचं तो ठरवेल.

आता तुझं ‘नाही रे बाबा’. तुझं पत्र वाचताना मी तिथं अडले. तू काही वाईट मनानं लिहिलं नाहीस. गर्दीत कोणी बोट दाखवलं की माणूस आधी स्वतःला सोडवून घेतो. पण ‘त्यातला का?’ असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला तुला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं असतं, आणि तू आपल्या पायांनी जाऊन उभा राहिलास. ‘मी नाही’ म्हणालास म्हणजे असणं हा गुन्हा आहे, एवढं तू मान्य करून टाकलंस. ‘पण’च्या पुढचं मग कोणी वाचलंही नसेल. तुझा मित्र ते बघायला तिथं नव्हता, हे बरंच झालं. पण ३०० जणांत तो एकटाच होता, असं तू कशावरून धरून चाललायस?

तू क्रिकेटवाला आहेस, तर क्रिकेटमधलंच सांगते. फेब्रुवारी २०१९, सेंट लुशियात इंग्लंड–वेस्ट इंडीज कसोटी. इंग्लंडचा जो रूट फलंदाजी करतोय, वेस्ट इंडीजचा शॅनन गेब्रियल गोलंदाज. काहीतरी बोलाबोली होते आणि स्टंपांतल्या माइकमधून जगाला फक्त रूटचं बोलणं ऐकू येतं : हे शिवी म्हणून वापरू नकोस, गे असण्यात काही वाईट नाही. आपण काय बोललो होतो ते गेब्रियलनं नंतर स्वतःच सांगितलं. माझ्याकडे बघून हसतोस काय, तुला मुलगे आवडतात का? म्हणजे तुझ्या ग्रुपवर आला तोच प्रश्न. रूट सरळ ‘नाही’ म्हणू शकला असता. लग्न झालेलं, पदरात मुलगा, पुरावे हाताशी होते. त्यानं स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोलला तो शब्दाबद्दल. गेब्रियलवर ४ एकदिवसीय सामन्यांची बंदी आली आणि मानधनातले ७५ टक्के कापले गेले. मला मात्र त्याच्या माफीतला एक शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो : पिकाँग. त्रिनिदादमध्ये एकमेकांची टर उडवण्याच्या खास ढंगाला असं म्हणतात. ‘आपण पिकाँग करतोय, त्यात कोणाला लागण्यासारखं काही नाही, असं मला तेव्हा वाटलं. ते लागणारं होतं हे आता कळलं,’ अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. तुमच्या काकांचं ‘मैदानावरचं बोलणं’ ते हेच.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारलं तर एवढंच लिही : ‘असलो तर काय? आणि नसलो तरी हे शब्द नकोत.’ इमोजी येतील. येऊ देत, त्याला पैसे पडत नाहीत.

आता थोडं शब्दांबद्दल. मी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली, त्यामुळे इथं जरा रेंगाळणार आहे, सहन कर.

जुन्या मराठीत बाईल म्हणजे बायको. त्यावरून बायल्या. म्हणजे शिवीचा सगळा दारूगोळा एवढाच, की तू बाईसारखा आहेस. बांगड्यांचं तेच. नळाला पाणी आलं नाही की आपल्याकडे साहेबाला बांगड्यांचा आहेर करतात, आणि तो करायला बायकाच पुढे असतात, स्वतःच्या हातात डझनभर बांगड्या घालून. मला हे कोडं आजवर सुटलेलं नाही. तुझ्या ग्रुपवर मुली किती आहेत रे? सहज मोजून बघ. ३०० पैकी दहा-बाराच्या वर निघाल्या तर मला कळव.

‘छक्का’ची तर गंमतच आहे. षटकाराला तुम्ही सिक्स म्हणता. छक्का हा शब्द तुम्ही माणसासाठी राखून ठेवलाय. आणि ज्यांच्यावरून ही शिवी आली ते तृतीयपंथी. त्यांचा आणि तुझ्या मित्राचा प्रश्नच मुळात वेगवेगळा. कोण कोणावर प्रेम करतं ही एक गोष्ट, आपण स्त्री की पुरुष की आणखी काही ही दुसरी, आणि पायचीत होणं तिसरी. शिवी देणाऱ्याला हा हिशेब करायचाच नसतो. पुरुषासारखा पुरुष जो नाही तो सगळा एकाच पोत्यात.

पण मला सगळ्यात जास्त खुपतो तो ‘त्यातला’. आणि त्याचा भाऊ ‘तसला’. आम्ही पेठेतल्या वाड्यात राहायचो तेव्हा मागच्या खोलीत एक काका एकटे राहायचे. पेटी फार सुंदर वाजवायचे. त्यांचा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणून म्हणायची, ‘तो तसला आहे.’ आम्हा पोरांना वाटायचं, काहीतरी रोग असणार. आम्ही त्यांच्या हातचं पाणीही प्यायचो नाही. बायल्या ही निदान शिवी आहे, तिच्याशी भांडता येतं. सर्वनामाशी कसं भांडणार? कायद्यानंही तेच केलं होतं बघ. १८६० च्या दंडसंहितेतल्या ३७७ व्या कलमात कोणाचं नाव नव्हतं, निसर्गक्रमाच्या विरुद्ध असलेला संबंध अशी गोल भाषा होती. त्या गोल भाषेखाली माणसं दीडशेहून जास्त वर्षं दबून राहिली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. वाड्यातले पेटीवाले काका तोवर केव्हाच गेले होते.

मराठीत धड शब्द नाहीत म्हणून आम्ही असं बोलतो, असंही कोणी म्हणेल तुला. आहेत. समलिंगी आहे. गे हा शब्द आता मराठीच झालाय. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि हा विषय मराठीत, घरात वाचता येईल अशा भाषेत मांडायला घेतला. २०११ च्या डिसेंबरात पुण्यात पहिली प्राइड पदयात्रा निघाली. म्हणजे शब्द या गावात आहेत, फक्त तुमच्या ग्रुपवर पोचलेले नाहीत.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाची नाही. एका शाळेत आठवीच्या वर्गात एक मुलगा फार हळू वाचायचा. मी म्हणाले, ‘मोठ्यानं वाच रे, मुलीसारखा काय लाजतोस?’ वर्ग हसला. मीही हसले. त्या वर्षात त्यानं पुन्हा वाचायला हात वर केला नाही, हे मला आत्ता, तुझं पत्र वाचताना आठवतंय. मधली इतकी वर्षं आठवलं नव्हतं. त्याला आठवत असणार.

तुझा तिसरा प्रश्न होता, मीच जास्त मनावर घेतोय का. त्याचं उत्तर तुला मिळालं असेल.

बंदीचं काय? बंदी घाल, पण तिच्यावर विसंबू नकोस. मेक्सिकोच्या फुटबॉल प्रेक्षकांचं उदाहरण घे. समोरच्या संघाचा गोलकीपर गोल किक मारायला आला की हजारो लोक एका सुरात समलिंगींसाठीची एक शिवी ओरडतात. फिफानं त्यांच्या संघटनेला पुन्हा पुन्हा दंड केला. २०२१ मध्ये तर त्यांच्या संघाला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळावं लागलं. तरी आरोळी काही पुरती थांबलेली नाही. प्रेक्षकांचं म्हणणं एकच, की आम्ही कोणाला गे म्हणत नाही, ही आमची गोल किकची पद्धत आहे. वरून दंड आला की लोकांना ती आपली परंपराच वाटायला लागते. तू ‘बंदी असलेले शब्द’ अशी यादी चिकटवलीस तर तुमच्यातली हुशार पोरं तासाभरात स्पेलिंग बदलून दाखवतील.

त्यामुळे काम ग्रुपच्या बाहेर सुरू कर. ही शिवी चालू कोण ठेवतं, याचा विचार केलायस? चिडलेला माणूस नाही. तुमच्यातला सगळ्यात विनोदी माणूस. बाकीचे त्याच्या मागे हसतात. त्याला चहाला बोलव, एकट्याला. मित्राबद्दल चकार शब्द काढू नकोस. म्हण, ‘मला हे वाचवत नाही, मी इतके दिवस हसत होतो ती माझी चूक, आता मला तुझी मदत हवी.’ असे दोघं-तिघं झाले की मग ग्रुपवर लिही. मॅचच्या दिवशी नाही, आडवारी. चार ओळी पुरे : माणूस कसा खेळला यावर हवं ते बोला, तो बाई आहे का, गे आहे का, तृतीयपंथी आहे का, यावरून शिवी नको, दिसली तर मी मेसेज काढून टाकणार, पुन्हा दिसली तर फोन करणार, तिसऱ्यांदा ग्रुपमधून काढणार. वर चिकटवून ठेव आणि खरंच तसं वाग. पहिला बाहेर जाणारा तुझा जवळचा कोणी असेल, याची तयारी ठेव. मंगळसूत्रवाले फोटोही त्यातच धर. दोन पुरुष जिंकल्यावर एकमेकांना मिठी मारतात, यात हसण्यासारखं काय आहे ते मला कोणी समजावून सांगा.

कोणी कायद्याची भाषा केली, की अ‍ॅडमिनचा काय संबंध, तर त्याचं खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय, की सामाईक हेतू नसेल तर सदस्यानं लिहिलेल्याबद्दल अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तुला तुरुंगात कोणी टाकत नाहीये. घरी पाहुणे आले आणि एकानं दुसऱ्याला घालून पाडून बोललं तर यजमान गप्प बसतो का, एवढाच मुद्दा.

आणि शिवी काढून घेतलीस तर हातात दुसरं काहीतरी दे, नाहीतर ग्रुप मरेल आणि त्याचं खापर त्या चार ओळींवर फुटेल. अरे, तुम्ही पुण्यात राहता! दारावरच्या पाटीनं माणसाला गार करणारं हे गाव, आणि तुम्हाला बायल्याच्या पुढे शब्द सुचत नाही? ऑक्टोबर २०२४ ची गहुंजेची कसोटी आठव. न्यूझीलंडकडून ११३ धावांनी हरलो, तेही तिसऱ्याच दिवशी. मायदेशातल्या लागोपाठ १८ मालिका विजयांची साखळी तिथं तुटली. एकटा सँटनर दोन डावांत मिळून १३ बळी घेऊन गेला. बोलायला केवढा माल होता! पहिल्या डावात १५६ त सगळे बाद : ‘मधली फळी दुपारी १ ते ४ बंद राहील.’ चेंडू पॅडवर घेऊन परत जाणारा : ‘कृपया बॅट सोबत आणावी, मागून तक्रार चालणार नाही.’ हे मी स्वयंपाक करता करता रचलंय, तुमची पोरं याहून बरं करतील. यात तो माणूस कसा खेळला हे आहे, म्हणून त्याला झोंबतं. बायल्यामध्ये त्याच्या खेळाबद्दल काय आहे? सँटनरचा चेंडू कळला नाही, यात बाईचा काय दोष?

(जाता जाता : इंग्रजीवाल्यांनी क्रिकेटच्या नियमांत ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ केलं ते २०२१ मध्ये. आपला फलंदाज आधीपासूनच बाई की पुरुष हे विचारत नाही. गोलंदाजही नाही, आणि तो तर मूळचा तोफ डागणारा. एवढी चांगली भाषा हाताशी असताना!)

मित्राबद्दल. त्याला ‘आता सगळं सुधारलंय, परत ये’ असा मेसेज करू नकोस. तो काही परीक्षक नाही, तुझं प्रगतिपुस्तक तपासायला. शिवाय परत आला आणि दुसऱ्याच दिवशी कोणी घसरलं तर? तू त्याला भेट आणि ज्या वेळी तू हसला होतास त्याबद्दल माफी माग, बाकीच्या ३०० जणांबद्दल नको. कोणाकोणाचे इमोजी आले हे त्यानं पाहिलेलं असतं, विश्वास ठेव. मग मॅचला घरी बोलव. ‘आकडे घेऊन ये, मला कळत नाही कोणाला टीममध्ये घ्यावं,’ म्हण. झोप लागत नाही असं तो म्हणाला होता, ते अजून तसंच असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर त्याला दे, फोनवर समुपदेशकाशी बोलता येतं. तोही एकदाच दे, दर भेटीत विचारत बसू नकोस.

राहता राहिले काका. त्यांना ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, साठीतल्या माणसाला ३०० जणांसमोर खोडून काढलंस की तो जन्मभर त्याच मतावर राहतो. त्यांना घरी जाऊन भेट. नाटकवेडे असतील तर बालगंधर्वांचा विषय काढ. नारायणराव राजहंस नऊवारी नेसून उभे राहायचे आणि घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला, दागिने घालायला बघायच्या. त्याही चाहत्याच होत्या, त्यांचा ग्रुप फक्त फोनवर नव्हता. त्या काळी स्त्रीपार्टी नटांना टोमणे बसले नसतील असं मी म्हणत नाही, मी एवढी भाबडी नाही. पण जंगली महाराज रस्त्यावर १९६८ पासून त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं आहे आणि काका तिथं तिकीट काढून जातात, तर त्यांच्याशी बोलायला तुला एक वाट आहे. मग त्यांना काम दे. दर मॅचनंतर ग्रुपवरचा सगळ्यात उत्तम टोमणा कोणता, हे काकांनी निवडायचं, नियम त्यांनीच करायचे. परीक्षकपद मिळालं की पुणेकर काय वाटेल ते करतो.

फक्त जायच्या आधी फोन कर, आणि तो चारनंतर.

– ताई